मागच्या चाकाचा दगड

सोपानदादा, तू गेलास तेव्हा तुझी गाडी हवेत होती.

गोठ्यामागच्या पत्र्याखाली, लोखंडी स्टँडांवर चढवलेली. मागची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवलेली. अंगणात माणूस मावत नव्हतं. वहिनीला बायांनी धरून ठेवलं होतं, तुझी आई, आक्का, उंबऱ्यावर बसून कुणाकडेच बघत नव्हती, आणि मी गर्दीतून वाट काढत मागे येऊन तुझ्या गाडीपाशी उभी राहिले. का, ते मला सांगता येणार नाही. पहाटे धार काढता काढता तू कासंडी बाजूला ठेवलीस आणि म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसून राहिलास, एवढंच वहिनी पुन्हा पुन्हा सांगत होती. दुधाचा थेंब सांडला नाही म्हणे. म्हैससुद्धा हलली नाही.

डाव्या बाजूला ब्रेकची नवी डिस्क, उघडी लोखंडी चकती, बसलेली होती. मी ती हाताने हळूच फिरवली. तिकडे उजव्या बाजूचा जुना ड्रम उलट्या दिशेने फिरायला लागला. गाडी गिअरमध्ये ठेवून उचलली की असंच होतं, दादा. एक चाक पुढे जातं, दुसरं मागे येतं, आणि गाडी असते तिथेच राहते. मी तुला हे एकदा डिफरन्शियल समजावून सांगताना दाखवलं होतं. तू म्हणाला होतास, "मंजी तुझं-माझंच की हे."

बाहेरून बायांचा आवाज येत होता आणि माझ्या हाताखाली ती डिस्क सर्रसर्र करत फिरत होती. मला वाटलं, ही थांबेपर्यंत तुला कुणी नेणार नाही.

तू माझा कोण, असं लोक आता विचारतात. घरमालक म्हटलं की ते पुढे विचारत नाहीत, आणि मला ते उत्तर पुरत नाही. मी औशाकडची. बाप आडतीवर पोती उचलायचा, आई लोकांच्या रानात खुरपायची. आमच्या भावकीत पदवी पहिल्यांदा मी घेतली, आणि हे मी कुठेही आवाज न उतरवता सांगते. चाकणला ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत टेस्टिंगला नोकरी लागली, मोशीत तुमच्या चाळीतली शेवटची खोली मिळाली. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या दाराला पाटी ठोकलीस. वर माझं नाव, खाली बी. ई. मेकॅनिकल, पिवळ्या रंगात. तुमच्या स्वतःच्या दारावरच्या पाटीपेक्षा ती मोठी होती. मी म्हटलं, दादा, हे जास्त होतंय. तू म्हणालास, "होऊ दी. आमच्या चाळीत पयली इंजिनेर आलीय. म्हशीलाबी कळू दी."

पुढे कळलं की आमच्या कंपनीची शेड जिथे उभी आहे ते तुमचं वावर होतं. कुरुळीच्या शिवारातलं, ज्वारीचं. मी संकोचले, तुला मात्र त्याची गंमत वाटली. तेव्हापासून संध्याकाळी कंपनीची बस मला नाक्यावर सोडायची, मी फाटकातून आत यायचे, आणि तू वैरण कापता कापता विचारायचास,

"काय इंजिनेर, आज माझ्या वावरात काय पिकलं?"

मी सांगायचे. आज ब्रेकशू पिकले. आज डिस्का पिकल्या, पण एक खेप नापास झाली. तू मान हलवायचास. "पाऊस कमी पडला आसंल."

माझं काम नेमकं काय, हे तुला एकदा समजावलं. एक मोठं जड चाक असतं, ते जोरात फिरवायचं आणि ब्रेक लावून थांबवायचं. पुन्हा फिरवायचं, पुन्हा थांबवायचं. दिवसभर. तू बराच वेळ विचार करून म्हणालास, आमी त्याच वावरात जल्मभर राबलो, थांबायचा पगार कुणी दिला न्हाई बघ.

तू गेल्यावर मी कामावर गेले त्या दिवशी जाड काचेपलीकडे ते चाक फिरायला लागलं आणि त्याच्या घुमण्यात मला काहीतरी वेगळं ऐकू यायला लागलं. ज्वारीत वारा शिरला की जसा आवाज होतो तसं. खाली काँक्रीट, त्याखाली मुरूम, त्याखाली तुमची काळी. वाटलं, ती अजून खाली पडून आहे आणि झोपेत कूस बदलतेय. मी ब्रेक लावला. चाक थांबलं. ज्वारी थांबली नाही.

त्या वावराची एकच वस्तू तू घरी आणली होतीस. जमीन सपाट करायला जेसीबी आला तेव्हा आक्का बांधावर जाऊन बसली होती, आणि तू तिला उठवून तिच्या बुडाखालचा दगड उचललास. मोटारसायकलवर पुढे घेऊन घरी आणलास. एका अंगाने पाटासारखा सपाट, दुसऱ्या अंगाने उतरता. बांधाचा दगड. त्याचं करायचं काय, हे तुलाही ठाऊक नव्हतं. मग देहूरोडला मिलिटरीच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात तू ही छोटी फोर-बाय-फोर घेतलीस, आणि दगडाला काम लागलं.

गाडी आली त्या दिवशी वहिनी म्हणाली होती, बैल इकून रणगाडा आणला ह्यांनी. पण ती गाडी लागणारच होती. वावर गेल्यावर तुमच्याकडे राहिलं ते भामनेरातलं डोंगरउताराचं रान. आधी मुरमाड चढ, वर गेल्यावर आडवा ओढा, ओढ्यापलीकडे तुझा तो हिरवा तुकडा. दुसरी कुठलीच गाडी तिथे पोचत नाही. आणि तुझ्या गाडीचा हँडब्रेक आल्या दिवसापासून मेलेला. म्हणून उतारावर थांबलास की तू खाली उडी मारायचास, सीटखालचा गोणपाटात गुंडाळलेला दगड काढायचास, मागच्या चाकामागे सपाट बाजू खाली करून सरकवायचास आणि वरून पायाने एक ठोका द्यायचास. तो ठोका मला अजून ऐकू येतो.

दगड लावायला तू कधी विसरला नाहीस. उचलायला विसरायचास. पुढे निघायचं, मग दगड मागेच. एकदा आपण भामनेरातून परत येऊन चाकणच्या चौकात चहाला थांबलो आणि कप तोंडाला लावता लावता तुझा चेहरा पडला. "दगड." चहा तसाच ठेवून तू गाडी वळवलीस. मी कुरकुरले. भामनेरात काय दगडांचा दुष्काळ आहे का दादा? तू रस्त्यावरची नजर न हलवता म्हणालास,

"दगड लई हायेत. त्यो न्हाई."

जाताना करवंदांच्या जाळ्या लागल्या, ऊन उतरत होतं, आणि सबंध डोंगरात एका दगडासाठी आपली एकच गाडी चालली होती. त्या वेळी मला तो वेडेपणा वाटला होता. आता डोळे मिटले की मला तुझ्याबरोबरचा दुसरा कुठला प्रवास दिसतच नाही. तोच दिसतो. जातोय, जातोय, आणि दगड अजून यायचाय.

गाडी चालवायला तूच मला शिकवलंस. ब्रेकची इंजिनेर आणि गाडी येत न्हाई, मंजी आचारी हाय पण जेवत न्हाई, असं तू अख्ख्या चाळीला सांगत फिरलास. मी तीन रविवारांत शिकले, तर तुला त्याचंही दुःख झालं, कारण सांगायची एक गंमत गेली.

मग ते झालं. पावसाळा सरत आला होता, आक्का तुझ्याबरोबर रानात गेली होती, मी नव्हते. येताना ओढ्याला पाणी होतं. पाण्यातून बाहेर पडून तू उताराला लागलास आणि मागचे ड्रम पाण्याने आणि गाळाने भरलेले. ड्रम म्हणजे बंद डबाच. पाणी आत गेलं की लवकर बाहेर येत नाही, शू नुसते घसरत राहतात. पुढच्या चाकांनी धरलं, पण मुरमावर तीही घसरली. तू शहाणपणा केलास, गाडी डोंगराच्या अंगाला घासवून थांबवलीस. आक्काच्या कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. ती खाली उतरली, पदर नीट केला आणि उरलेला उतार चालत उतरली. त्या दिवशी घरी आल्यावर ती एवढंच बोलली, की ह्या गाडीत मी पुन्यांदा बसायची न्हाई. रान बघितलं तेवढं बास.

तेव्हापासून तू एकटाच जायचास. पळसाच्या पानात करवंदं बांधून आणायचास, आक्काच्या पुढ्यात ठेवायचास. ती खायची, पण विचारायची नाही की रान कसं आहे. ती विचारत नाही याचं तुला किती लागायचं, ते मला दिसत होतं. एरवी बाजारभाव, राजकारण, म्हशीचं दुखणं, सगळ्यावर बोलणारा तू, त्यावर कधी बोलला नाहीस. एका संध्याकाळी वावराचं काही न विचारता तू सरळ म्हणालास, "मागं डिस्का बसवायच्या. म्हातारीला रानात न्यायची हाय."

आपलं भांडण तिथून सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

माझं म्हणणं पहिल्यापासून सरळ होतं. थांबवायचं बहुतेक काम पुढची चाकं करतात, उतारावर तर जास्तच. ड्रम वाईट नसतात. पाण्यातून निघालं की थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायचं, म्हणजे ते तापून सुकतात. हे तू कधी केलंस का? नाही. तुझं म्हणणं, डिस्क उघडी असती, पाणी आपसूक उडून जातं, गाळ बसत न्हाई, मंग डब्याचा हट्ट कशाला? हेही खरंच होतं. मी मानलं. पण मी म्हटलं, नुसती डिस्क अडकवून भागत नाही. मागे जाणारा दाब बेतात ठेवणारा व्हॉल्व्ह घालावा लागेल, नाहीतर मागची चाकं आधी अडकतील आणि गाडी उतारावर स्वतःभोवती फिरेल. तेही तू मानलंस. कुदळवाडीच्या भंगारात आपण मिळून हिंडलो, भोसरीच्या लेथवर बसून डिस्कला चिमट्यासारखं धरणारे कॅलिपर बसवायच्या जाड पट्ट्या कापून घेतल्या. मी चित्र काढायचे, तू लेथवाल्याला "ताई म्हणती तसंच, उगा डोकं लावू नको" म्हणून दम द्यायचास. ते दिवस फार छान होते, दादा. कंपनीत माझं कुणी इतकं मन लावून ऐकलेलं नाही.

अडलं ते हँडब्रेकवर. जुना हँडब्रेक ड्रमच्या आतच असतो. ड्रम काढला की तोही गेला. म्हणून मागच्या डिस्कला हँडब्रेकची लिव्हर असलेलाच कॅलिपर पाहिजे. आणि तू एका सकाळी बिनलिव्हरचे दोन कॅलिपर घेऊन आलास, डावीकडचा मला न विचारता बसवूनही टाकलास.

"हँडब्रेक कशाला पायजे?" तू म्हणालास. "दगड हाय की."

मी म्हटलं, दगड हा ब्रेक नाही.

"आजपत्तर कधी गाडी घरंगळली का?"

"आजपर्यंत आक्का एकटी गाडीत बसलेली नव्हती. गुडघ्यांनी तिला चढ-उतर होत नाही. तू उतरशील, ती आत राहील. तेव्हा?"

"तवाबी दगड हाय."

"मग मी ब्रेक ब्लीड करणार नाही. लिव्हरचे आण, मग बोलाव."

तू हसला नाहीस. गाडीवर ताडपत्री ओढलीस आणि वैरणीकडे गेलास. ब्लीड करायचं काम एकट्याचं नसतं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली बसून पाइपातली हवा काढायची. मी नाही म्हटलं की काम थांबलंच. त्या संध्याकाळपासून तू माझ्याशी नीट बोलायचास, चहा विचारायचास, सुट्टीला गावाला जाणार का म्हणायचास. वावराचं विचारायचा नाहीस.

मी चुकले असं मी आजही म्हणणार नाही. इंजिनीअरने जिथे नाही म्हणायचं तिथे नाहीच म्हणायचं असतं, आणि ते मी माझ्या घरच्या माणसालाही म्हटलं. पण मला वाटत होतं, वेळ आहे. एखाद्या संध्याकाळी मी फाटकातून येईन आणि तू विचारशील काय पिकलं, म्हणजे मिटलं असं समजायचं. मी रोज थोडी हळू आत यायचे, तुला विचारायला सवड मिळावी म्हणून.

दहावा झाला. तुझी राख इंद्रायणीत सोडायची सगळी तयारी होती, भटजी घाटावर येऊन बसले होते. आक्का गाडगं मांडीवर घेऊन बसली आणि देईना. भावकीतल्यांनी समजावलं. ती पाण्याकडे बोट करून म्हणाली, "साबणागत फेस येतो हिला. ह्यात माझ्या लेकाला न्हाई टाकायचा." मूठभर राख नदीला दिली, रीत म्हणून. बाकीचं गाडगं तिने घरी आणलं, देवळीत ठेवलं आणि मला बोलावलं.

"रेखे, त्याची गाडी चालती का?"

मी म्हटलं, नाही आक्का. अर्धी खोललेली आहे. ब्रेकच नाही तिला.

"मंग लाव. त्याला रानात ठिवायचा हाय. आंब्याचं रोप आणून ठिवलंय सूनबाईनं." मग म्हणाली, "मी येणार. चालत काय मला जमायचं न्हाई."

त्या रविवारी मी ताडपत्री काढली आणि जमिनीवर चटई टाकून गाडीखाली सरकले. खालून तुझी गाडी वेगळीच दिसते. वर पत्र्याला भोकं आहेत, त्यातून उन्हाचे कवडसे पडले होते, त्यात गोठ्यातला भुसा हळूहळू उडत होता, आणि मधोमध ती डावी डिस्क, चंद्रासारखी. मी कॅलिपरच्या मागे हात घातला, बिनलिव्हरचा तो सोडवायला. हाताला लिव्हर लागली.

ती आतल्या अंगाला असते, बाहेरून दिसत नाही. मी हात तसाच ठेवून पडून राहिले. तू कॅलिपर बदलला होतास. डावीकडचा बसवून झाला होता, केबल नीट कापून, टोकाला गाठ मारून बांधून ठेवली होती. बाहेरून वहिनीच्या चपला दिसल्या. तिला मी खालूनच विचारलं, हे कधी? वहिनी म्हणाली, तुमाला बोलले न्हाईत व्हय? मागल्या महिन्यातच आणले. दुसरा पेंडीच्या पोत्यामागं हाय. म्हणत होते, दोन्ही बाजू झाल्या की मंग तिला बोलावतो, अर्ध्या कामाला बोलावलं तर बोलती ती.

खरंय. बोलले असते.

दादा, तू मला बोलवायचं ठरवलं होतंस एवढंच मला पुरतं. बाकीचं मी गाडीखाली पडल्या पडल्या तुझ्याशी बोलून घेतलं, ते इथे लिहीत नाही.

उजवा ड्रम काढला तर आत वाळलेल्या गाळाचा थर होता, आणि त्यात एक करवंदाचं पान. कसं गेलं असेल आत? ते मी काढून दाराच्या पाटीमागे खोचलंय. उजवी डिस्क, कॅलिपर, दोन्हीकडच्या केबली, दाबाचा व्हॉल्व्ह, सगळं मी बसवलं. भोसरीचा लेथवाला उरलेली पट्टी स्वतः घेऊन आला आणि गाडीकडे बघून एक एक बोल्ट पान्याने तपासून गेला. मग ब्लीड करायची वेळ आली, आणि पेडल दाबायला माणूस नव्हतं. वहिनी दुधावर. चाळीतले सगळे शिफ्टला. मी अंगणात उभी राहून इकडे तिकडे बघतेय, तर आक्का काठी टेकत आली.

"काय पायजे?"

मी म्हटलं, कुणीतरी आत बसून पेडल दाबायला पाहिजे. मी करते काहीतरी.

ती गाडीकडे बघत राहिली. टेंगूळ कधीच उतरलं होतं, पण हात कपाळाकडे गेलाच. मग तिने नऊवारीचा काष्टा वर खोचला, काठी माझ्या हातात दिली आणि दांडीला धरून चढली. तुझ्या सीटवर बसली. पाय जेमतेम पोचत होता, म्हणून पाठीमागे पेंडीचं रिकामं पोतं घडी करून दिलं.

मी खाली बसले. नळीचं एक टोक कॅलिपरवरच्या हवा सोडायच्या निपलला, दुसरं बाटलीत.

"आक्का, दाबा. दाबून धरा."

"धरलंय."

"सोडू नका हं."

"सोडंना की मी."

मी निपल ढिला केला. बाटलीत बुडबुडे यायला लागले, एकामागून एक, तेलातून सावकाश वर येणारे. वरून आक्काचा घाबरा आवाज आला. "रेखे, पाय खाली चालला गं. तळाला लागला."

"जाऊ दे आक्का. आत हवा आहे, ती बाहेर येतेय. तसाच धरा." मी निपल आवळला. "आता सोडा. आता पुन्हा दाबा."

किती वेळ आम्ही ते करत होतो कुणास ठाऊक. दाबा, धरा, सोडा. म्हशी रवंथ करत होत्या, कुणीतरी चाळीत रेडिओ लावला होता. बुडबुडे कमी होत गेले. मध्येच आक्का बोलायला लागली, माझ्याशी नाही. तू लहानपणी तिचा पदर कसा धरायचास, बाजारात सोडायचा नाहीस, चालता चालता झोपायचास पण मूठ उघडायची नाही. "धरलंय," ती म्हणाली, मी सांगायच्या आधीच. शेवटी बाटलीत नुसतं स्वच्छ तेल आलं. पेडल घट्ट झालं.

"आता खाली जाईना," ती वरून म्हणाली.

"आता जायचं नाही, आक्का."

तशीच ती बराच वेळ पाय ठेवून बसली होती. मी उठवलं नाही.

मोशीच्या मोकळ्या पटांगणात मी गाडी हवी तशी तपासली. ओल्या मुरमावर, भरधाव, हळू, उतारावर हँडब्रेक ओढून. पुढची चाकं आधी अडत होती, मागची नंतर, जशी अडायला हवीत तशी. अभिमानाने सांगते, ते काम कंपनीच्या काचेआडच्या कुठल्याही कामापेक्षा चांगलं झालं होतं. तुझ्या आणि माझ्या हातचं होतं.

मग आम्ही निघालो. आक्का माझ्या शेजारी, मांडीवर गाडगं, मागे वहिनी आंब्याचं रोप धरून. रस्त्यावर धुकं होतं. कुरुळीवरून जाताना आक्काने उजवीकडे बघितलं. शेडचे निळे पत्रे धुक्यात विरघळले होते, आणि खरं सांगते दादा, तेवढ्यापुरतं तिथे नुसतं रान होतं. आक्का म्हणाली, "औंदा बरी हाय की ज्वारी." मलाही दिसत होती. पुढे चाकणच्या चौकात कंपन्यांच्या बसची गर्दी होती, त्यापुढे भात पिवळे पडत आलेले.

चढ चढलो, ओढा ओलांडला, तुझ्या रानात पोचलो. गाडीचं तोंड वर करून थांबवलं. हँडब्रेक ओढला. गाडी जागची हलली नाही. आक्का उतरली, तिनेच गाडगं रिकामं केलं, वहिनीने रोप लावलं. तू तिथे आहेस आता, ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे तू बसून भाकरी खायचास. मग आक्काला उभं राहवेना. तिला मी गाडीत बसवलं. रोपाला पाणी हवं होतं, वहिनी रोपापाशीच बसून राहिली होती, तेव्हा कळशी घेऊन मी ओढ्याकडे निघाले. गाडी उतारावर, आक्का आत एकटी.

हँडब्रेक पक्का होता. गिअर टाकलेला होता. माझ्या कामावर माझा पूर्ण भरवसा होता, आहे. मी थोडी पुढे गेले, आणि मागे आले. सीटखालून गोणपाट काढलं. दगड मागच्या चाकामागे सरकवला, सपाट बाजू खाली. पायाने एक ठोका दिला.

आक्का आरशातून बघत होती. "तुजा बिरेक धरंना व्हय?"

"धरतो, आक्का."

"मंग?"

"असू दे."

ती आरशातून बघतच राहिली. मी पाणी आणायला गेले.

परतताना ओढ्यातून बाहेर पडलो आणि उतार सुरू झाला. त्याच जागी आक्काने समोरची दांडी घट्ट धरली. मी पाय ठेवला. चाकांनी पाणी झटकलं आणि गाडी धरली गेली, मऊ, सरळ, जणू कुणीतरी मागून खांद्याला हात लावून म्हणावं, हळू. डोंगराचा तो घासलेला भाग मागे गेला. आक्काचे हात दांडीवरून सुटले.

खालच्या डांबरी रस्त्याला लागल्यावर आक्काने सीटखाली वाकून हात फिरवला. गोणपाट रिकामं होतं.

"रेखे, दगड ऱ्हायला वर."

मी ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मी मागे वळून डोंगराकडे बघितलं, गाडी वळवायला जागा बघू लागले. चहा न पिता वळलो होतो तसंच वळायचं होतं. स्टिअरिंग फिरवलंही. आक्काने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दी," ती म्हणाली. "उतार हाय तिथं. त्याला लागंल."

मी ब्रेकवरचा पाय उचलला.